मूळ फाईल

वैजयंती आंगणे फोन पुढे करते :
चाळीस केबीचा बाप.
कुणी कुणाला पाठवलेला, त्याने तिसऱ्याला.
डुप्लिकेट चावीवरून चावी काढत गेलं
की दात बोथट होत जातात,
तसे डोळे.
गालावर चौकोन पडलेत.
म्हणते, दहा बाय बारा. तेराव्याच्या आत हवाय.

म्हटलं, ताई, जेपेगमधून जे गेलं ते गेलं.
चिपाडातून परत रस काढू म्हटलं तर
मशीनच बिघडतं.

मग तिने पत्ता सांगितला. बेलार्ड इस्टेट,
दगडी इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट,
एकतीस वर्षं.
आणि मी जरा थांबलो.
दोन हजार बारा. आर्किटेक्ट खंबाटांचं काम.
जिने, कमानी, पितळी मुठी.
"ओन्ली बिल्डिंग हां, माणस नको."

तेव्हा मी हट्टाने रॉ काढायचो.
धंद्यातले हसायचे : पंचवीस एमबीला एक फोटो?
कार्डं सासऱ्याने दिलीत काय?
जेपेग म्हणजे वाढून आलेलं ताट,
मीठ किती ते कॅमेऱ्याने ठरवलेलं.
रॉ म्हणजे भायखळ्याहून आणलेली पिशवी,
मातीसकट.
निवडा, चिरा, रात्री दोनपर्यंत जागा.
बायकोला विचारा.

दर महिन्याला भाडं मागणारं सॉफ्टवेअर
लॉकडाऊनमध्ये सोडलं.
माझी आठ वर्षांची कारागिरी त्याच्या कॅटलॉगात राहिली,
पागडीच्या खोलीत राहिलेल्या पलंगासारखी,
दारातून निघतच नाही.
आता डार्कटेबल. फुकट आहे, हट्टी आहे,
एकेका बटणाचं नाव वाचून डोकं उठतं.
पण रात्री कुणी वसुलीला येत नाही.

हार्ड डिस्क तीनदा कण्हली.
फाईल उघडली. कमान, जाळी,
आणि उजवा कोपरा काळा.
खंबाटांना दिलेल्या जेपेगमध्ये हा काळा म्हणजे शून्य,
शून्य कितीही उचला.
इथे एक्स्पोजर पाव चढवला. अर्धा. एक. दोन.
ओहोटीला शिवडीचा चिखल वर येतो
तशी आधी एक खाकी बाही आली,
मग दांड्यावरचा हात,
कानातले केस,
छातीवरचं एक बटण, वेगळ्याच रंगाचं.
"आईने लावलेलं," ती म्हणाली.
मी क्लोनचं टूल उचललं होतं, सवयीने.
ठेवून दिलं.

थोड्या वेळाने, हळूच :
"त्यांना बसवता येईल का?
एवढी वर्षं उभेच होते. फ्रेममध्ये तरी."

येतं. हल्ली काहीही येतं.
खुर्ची, कोट, मागे काश्मीर.
बघतो म्हटलं,
आणि काहीतरी करायचं म्हणून
अजून अर्धा स्टॉप वर नेला.
खरखर वाढली. सावली जांभळी पडली.
आणि त्यांच्या मागे, भिंतीला लागून,
स्टूल.

स्टूलावर डबा, फडक्यात बांधलेला,
गाठ वरच्या बाजूला.

वैजयंतीने स्क्रीनला बोट लावलं.
"माझा शाळेतला. झाकणाला पोचा आहे बघा."
शंभर टक्के मोठं केलं. झाकण तर फडक्यात.
एक खळगा होता खरा,
पोचा की खरखर, मला सांगता येईना.
ती म्हणाली, पोचाच.

डार्कटेबल मूळ फाईलला हात लावत नाही.
काय काय केलं त्याची एक चिठ्ठी
शेजारी ठेवून देतं.
म्हणजे डिस्कवर आंगणे अजून अंधारातच,
खंबाटांना हवे होते तसे,
आणि सगळा उजेड त्या चिठ्ठीत,
सहा केबी.

छपाईला टिफ काढली, सोळा बिट.
तिला मात्र जेपेगच हवी होती,
कणकवलीला भावाला पाठवायला.
गुणवत्ता किती, मशीनने विचारलं.
शंभर ठेवली. पुढे तो कुणाला पाठवेल,
तो कुणाला.

ती गेल्यावर पावती फाडायला बसलो.
प्रिंट, फ्रेम, काच : सातशे वीस.
रिटचिंगच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
'स्टूल' लिहिलं,
मग खोडलं.